जपानच्या डोंगरी गावात इंग्रजी शिकवताना: शाळा, डबा आणि धनुष्य

पन्हाळ्याची_वाट

नमस्कार मंडळी,

जपानात इंग्रजी शिकवायला येऊन मला आता तिसरं वर्ष लागलंय. ओकायामा प्रांताच्या उत्तरेला डोंगरात एक लहानसं गाव आहे. तिथली एक चुगाक्को, म्हणजे सातवी ते नववीची शाळा, आणि दोन प्राथमिक शाळा माझ्याकडे आहेत. मूळची मी कोल्हापूरची. पुण्यात सहा वर्षं इंग्रजी शिकवलं, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीचे वर्ग केले आणि इकडे आले. माझं पद सहायक भाषा शिक्षिकेचं, इकडे सगळे 'एएलटी' म्हणतात.

निघताना घरच्यांपासून शेजारपाजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: पगार किती, खाणार काय, एकटी राहणार कशी. पहिल्या दोघांची उत्तरं सोपी आहेत, कुणी विचारलंत तर सांगेन. तिसऱ्याचं उत्तर सापडायला मला पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण लागलं, म्हणून हा धागा.

शाळेचा दिवस छान जातो. दारात बाहेरचे बूट कपाटात ठेवून आतले घालायचे, सव्वाआठला स्टाफरूममध्ये उभं राहून सगळ्यांना नमस्कार, मग तास. दुपारचं जेवण वर्गातच. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुलं मोठाली पातेली ढकलगाडीवरून आणतात आणि स्वतःच सगळ्यांना वाढतात. कुणी गैरहजर असलं की त्याचं २०० मिलीचं दूध उरतं, आणि त्या एका दुधासाठी सात-आठ जण जानकेन खेळतात, म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री. जेवण झालं की सगळी शाळा झाडलोट करते. प्राथमिक शाळेतला दुसऱ्या मजल्याचा जिना माझ्याकडे आणि पाचवीतल्या चार मुलींकडे आहे. त्या मला कोपऱ्यातली धूळ कशी काढायची ते अजूनही शिकवतात.

पण पाच वाजता गावाच्या भोंग्यावर रोजची धून वाजली की माझा दिवस संपायचा. घरी यायचं, रॉकेलचा स्टोव्ह पेटवायचा आणि बसायचं. पहिल्या हिवाळ्यात बर्फ पडलं, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून निघाले की सोमवारी सकाळपर्यंत दुकानातल्या बाईंशिवाय कुणाशी बोलणं होत नसे. लोक वाईट होते असं अजिबात नाही. उलट फार चांगले होते. दारात मुळे, कांद्याची पात, घरची द्राक्षं ठेवून जायचे. पण मी पाहुणी होते. पाहुण्याला सगळे जपतात आणि पाहुण्यापाशी सगळे जपून बोलतात.

फेब्रुवारीतली गोष्ट. शाळेच्या मागच्या रस्त्याने घरी चालले होते आणि एक आवाज आला. ताणलेल्या डफावर बोटांची एकच थाप पडावी तसा. मग शांतता, मग पुन्हा तोच. आवाजाच्या रोखाने गेले तर एका बाजूने पूर्ण उघडं असलेलं लाकडी घर, समोर हिरवळीची मोकळी पट्टी, आणि पलीकडे ओल्या वाळूच्या उतरत्या ढिगात टेकवलेली गोल निशाणं. क्युदो, जपानी धनुर्विद्या. निशाण २८ मीटरवर असतं, ३६ सेंटिमीटर व्यासाचं. लाकडी कड्यावर कागद ताणून बसवलेला असतो, बाण तो फाडून जातो तेव्हा हा आवाज होतो.

मी बाहेर थंडीत उभी होते. आतून एक आजोबा आले, मला आत बसवलं, चहा दिला. पुढच्या मंगळवारी मी झाडू घेऊन दोजोची, म्हणजे त्या सरावाच्या घराची, फरशी झाडत होते.

आता खरी गोष्ट. धनुष्य हातात यायला वेळ लागतो. आधी काठीला रबर बांधलेलं नुसतं सरावाचं धनुष्य, मग खरं धनुष्य पण दोन मीटरवरच्या घट्ट आवळलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण. पाय कसे टाकायचे इथपासून बाण सुटल्यावर कसं थांबायचं इथपर्यंत आठ पायऱ्या आहेत, आणि त्या आठ पायऱ्या मी पाच महिने त्या भाऱ्यापुढे केल्या. धनुष्य माझ्याहून उंच, सव्वादोन मीटरच्या आसपास. पकड चुकली की दोरी डाव्या हातावर बसते. पहिला उन्हाळा मी शाळेत लांब बाह्या घालून काढला, इतके निळे डाग होते.

उजव्या हातात हरणाच्या कातड्याचा हातमोजा घालतात, युगाके. तो गुडघे मोडून खाली बसूनच घालायचा आणि बसूनच काढायचा, उभ्याने नाही. आतून पातळ सुती मोजा, वरून हे कातडं, मग मनगटाभोवती लांब पट्टा गुंडाळायचा आणि टोक खोचायचं. मला ते नीट जमेना. एकदा सैल, एकदा इतकं घट्ट की बोटं बधिर. तेव्हा शेजारी एक मुलगी येऊन बसली. दोन वर्षं ती चुगाक्कोत माझ्या वर्गात होती आणि आता गावाबाहेरच्या हायस्कूलमध्ये जाते. माझ्या तासाला पहिल्या सत्रात तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता, नाव विचारलं तरी मान खाली. तिने काही न बोलता माझा हात मांडीवर घेतला, पट्टा सगळा सोडवला आणि पुन्हा गुंडाळला, हळूहळू, प्रत्येक वेढ्याला माझ्याकडे बघत, समजलं का म्हणून. मग म्हणाली, "सेन्सेई, मो इक्काई." बाई, पुन्हा एकदा. हेच दोन शब्द मी वर्गात दिवसातून वीस वेळा म्हणते. तिने ते मला अकरा वेळा म्हटले, मी मोजले. बाराव्या वेळी मान डोलावली.

त्या दिवसापासून ती माझी 'सेनपाई' आहे, म्हणजे माझ्या आधीपासून शिकणारी, आणि मी तिला तसंच मानते. आता बाजारात भेटली तर थांबते, बोलते. तिची आई बोलते. आजोबा बोलतात. मला या गावात जागा मिळाली ती मी काही शिकवलं म्हणून नाही, मला काही येत नव्हतं आणि ते शिकायला मी यांच्यापुढे बसले म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्यापैकी कुणी परगावी, परदेशी असंच काही शिकलं असेल तर जरूर लिहा.

---

चकली_भाजणी

किती सुंदर लिहिलंयस गं! त्या मुलीचा प्रसंग दोनदा वाचला.

पण मी विचारणारच: खातेस काय? माझा भाचा ओसाकाला वर्षभर होता, तो म्हणायचा की भाजी दिसली तरी आत मासा असतो.

---

पन्हाळ्याची_वाट

@चकली_भाजणी, भाच्याचं बरोबर आहे. अडचण 'दाशी'ची असते. सूप, आमटीसारखे प्रकार, शिजवलेल्या भाज्या, अगदी तोफूवर घालायचं पाणीसुद्धा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाच्या अर्कात केलेलं असतं. 'मांस नाही ना?' असं विचारलं तर समोरचा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण मासा त्याच्या लेखी मांस नाही आणि दाशी तर मासाही नाही. कोम्बु नावाच्या समुद्री वनस्पतीची दाशीही असते. ती कुठे मिळते हे कळलं की निम्मं काम होतं.

शाळेत मी पहिल्या दिवसापासून डबा नेते. मुख्याध्यापकांना मीच आधी जाऊन सांगितलं, त्यांनी वर्गशिक्षकांना सांगितलं, प्रश्न मिटला. मुलं रोज डब्यात डोकावतात. भेंडीला इकडेही 'ओकुरा' म्हणतात, पण परतून कोरडी केलेली भेंडी त्यांनी पाहिलेली नव्हती. इकडचा तांदूळ आखूड आणि चिकट, साधारण आपल्या आंबेमोहोरासारखा, म्हणून वरणभात फार छान होतो. तूरडाळ आणि हिंग ऑनलाइन मागवते. ज्वारीचं पीठ मात्र घरून येतं, बाबा पाठवतात. रताळी, लाल भोपळा, मुळा, वांगी सगळं गावातच. जपानी वांगी लहान आणि गोड असतात, भरलं वांगं करून दोजोत नेलं तेव्हा आजोबांनी मसाल्याची कृती लिहून घेतली.

---

रुळावरून

मी पण इंग्रजीच शिकवतो, पण शाळेत नाही, टोकियोजवळच्या चिबात संभाषणाच्या खाजगी शाळेत, ज्याला 'एइकाइवा' म्हणतात. सहा वर्षं झाली. माझा दिवस ताईंच्या उलट. दुपारी एकला सुरू, रात्री नऊला शेवटचा तास संपतो. सुट्टी रविवार-सोमवार. विद्यार्थी म्हणजे पाच वर्षांच्या पोरापासून निवृत्त काकांपर्यंत. एक काका चार वर्षं दर गुरुवारी येतात, नातवंडं कॅनडात आहेत, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून. त्यांच्या तासाची मी वाट बघतो.

शहरात ताईंसारखं रस्त्याने जाताना कुणी आत बोलावत नाही, हे नवीन येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. इथे आपणच दार शोधायचं. मला रेल्वे मिळाली. 'सेइशुन जुहाचि किप्पु' नावाचं तिकीट सुट्ट्यांच्या हंगामात निघतं. त्यावर जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, साध्या गाड्यांतून दिवसभर कुठेही जाता येतं, शिनकानसेन (बुलेट ट्रेन) आणि एक्सप्रेस सोडून. नावात १८ असलं तरी वयाची अट नाही. पूर्वी पाच दिवस हवे तसे सुटे वापरता यायचे, २०२४ च्या हिवाळ्यापासून सलग तीन किंवा सलग पाच दिवसांचं झालं, त्याची मला अजून हळहळ आहे. याच तिकिटावर मी चिबाहून तुमच्या ओकायामापर्यंत आलोय, तिथून सेतो पुलावरून शिकोकू बेटावर. खाली समुद्र, बेटं, मध्येच मच्छीमारांच्या होड्या. तो पूल १९८८ चा. शिकोकूत उतरलो तर पांढरे सदरे आणि गवती टोप्या घातलेले यात्रेकरू चालत होते. ८८ देवळांची ती पायी यात्रा जवळजवळ १२०० किलोमीटरची आहे. वाटेतले लोक त्यांना संत्री, चहा, कधी पैसेही देतात, त्याला 'ओसेत्ताई' म्हणतात. मी फलटणचा. दिंडीला पाणी आणि भाकरी देणारी आमची गल्ली मला तिथे स्टेशनवर उभ्या उभ्या आठवली.

---

स्पष्टवक्ता

लेखन उत्तम, त्यात वाद नाही. पण मी २२ वर्षं शिक्षक आहे आणि एक गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. 'सहायक' शिक्षकाला तिथे किती शिकवू देतात? माझ्या ओळखीचा एक तरुण तिकडून दोन वर्षांत परतला. म्हणाला, वर्गात उभं राहून पुस्तकातली वाक्यं मोठ्याने वाचायची, मुलांनी मागून म्हणायची, बस. कंत्राट वर्षाचं, बढती नाही. इथे परत आल्यावर तो अनुभव कुणी धरत नाही. छंद चांगला आहे, पण हे वाचून कुणी कायम नोकरी सोडू नये, एवढंच म्हणणं.

---

रुळावरून

@स्पष्टवक्ता सर, तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मी इथे आलो तेव्हा पहिलं वर्ष एका कंपनीमार्फत सरकारी शाळेत होतो. ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून त्या महिन्याचा पगार जेमतेम एक तृतीयांश आला. करारात लिहिलं होतं, मी नीट वाचलं नव्हतं. सही करण्याआधी ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्च या तीन महिन्यांचं काय ते विचारून घ्या, आणि लेखी घ्या.

परदेशी शिक्षक आणण्याचा सरकारचा स्वतःचा 'जेट' कार्यक्रम १९८७ पासून आहे, त्यात परिस्थिती पुष्कळ बरी. पहिल्या वर्षाचा पगार बरीच वर्षं ३३ लाख ६० हजार येन होता, २०२५ पासून वाढवलाय. पण तिथेही पाच वर्षांच्या पुढे राहता येत नाही.

---

पन्हाळ्याची_वाट

@स्पष्टवक्ता, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. पहिलं सत्र मी अगदी तेच केलं. वाचायचं, मुलांनी म्हणायचं. मुख्य शिक्षिका चांगल्या होत्या, पण त्यांच्यापुढे परीक्षा, अभ्यासक्रम, वेळापत्रक. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुण मिळणारा पूर्ण विषय झालाय, त्यामुळे प्राथमिकच्या शिक्षकांवरही ताण आहे. माझंही कंत्राट एप्रिल ते मार्च. कायमची नोकरी सोडून या असं मी कुणाला सांगणार नाही. मी स्वतः जपानी भाषेच्या परीक्षेची, तिच्या एन-२ पातळीची, तयारी करतेय, पुढे जपानी आणि इंग्रजी दोन्ही शिकवता यावं म्हणून.

पण वर्गात एक बदल झाला तो सांगते. दोजोत जायला लागल्यावर सातवीतल्या मुलांना कुठूनतरी कळलं. गावात सगळं कळतं. बुधवारी वर्गात शिरले की ओरडायची, "सेन्सेई, आतात्ता?" लागला का? मी म्हटलं, इंग्रजीत विचारा, इंग्रजीत सांगते. मग "हिट?" आणि मी "नो. मिस." असं चाललं. एकदा बाण निशाणाच्या कडेला चिकटून वाळूत गेला होता, तेव्हा फळ्यावर निशाण काढलं, बाहेर बोटभर अंतरावर टिंब दिलं आणि म्हटलं, "ऑलमोस्ट." तो शब्द त्यांनी जो उचलला! गोल हुकला, ऑलमोस्ट. बस चुकली, ऑलमोस्ट. जानकेनमध्ये दूध गेलं, ऑलमोस्ट. पुस्तकात तो शब्द त्या वर्षी नव्हता. मुख्य शिक्षिकांनी आता दर बुधवारची पहिली पाच मिनिटं मला त्या गप्पांसाठी ठेवली आहेत.

---

शब्दवेल्हाळ

अवांतर, पण राहवत नाही. जपानी शिकायला घेतलं तेव्हा अक्षरांचा तक्ता बघून मी चाट पडलो होतो. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपल्या वर्णमालेची चाल आहे! बौद्ध भिक्षू सिद्धम लिपीतून संस्कृत उच्चार शिकत, त्या अभ्यासातून ही मांडणी आली असं अभ्यासक मानतात. वाक्यही आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी, आणि 'ला', 'मध्ये', 'पासून' सगळे नामाच्या मागे. मराठी माणसाला जपानी वाक्यरचना इंग्रजीपेक्षा लवकर बसते, हा माझा अनुभव.

---

पन्हाळ्याची_वाट

@शब्दवेल्हाळ, अगदी! आमच्या गावच्या शिंगोन या बौद्ध पंथाच्या देवळामागे स्मशानात लाकडी उंच फळ्या उभ्या असतात, त्यांवर अजूनही सिद्धम अक्षरं लिहितात. पहिल्यांदा त्यातलं 'अ' ओळखू आलं तेव्हा मी तिथेच उभी राहिले. मुलांना इंग्रजीचा 'व्ही' शिकवताना मी हेच वापरते. जपानीत 'ब' आहे, 'व्ही' नाही. आपल्याकडेही खरा 'व्ही' नाही, आपण 'व'वर भागवतो. 'सेन्सेईलाही हा शिकावा लागला' म्हटलं की मुलं ओठ चावून प्रयत्न करतात.

---

पर्वतीपायथा

पुणेकरांसाठी: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला सगळे ओकायामा उद्यान म्हणतात, ते ताईंच्याच प्रांतातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मी नव्वदच्या दशकात कंपनीच्या कामाला ओकायामात तीन महिने होतो आणि रविवारी त्या मूळ बागेत जाऊन बसायचो. मागे काळा किल्ला, समोर पाणी.

परदेशी इंग्रजी शिक्षकाचा विषय निघालाच आहे तर लाफ्काडिओ हर्नची आठवण हवी. १८९० मध्ये तो मात्सुए गावात इंग्रजी शिकवायला आला, तिथल्याच कोइझुमी सेत्सु हिच्याशी लग्न केलं, कोइझुमी याकुमो हे नाव घेतलं आणि तिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी लिहीत १९०४ मध्ये जपानातच वारला. ताई म्हणतात तेच त्याच्या बाबतीतही दिसतं. तो शिकवायला आला आणि ऐकत बसला.

---

एक_आई

सगळा धागा वाचला. माझी मुलगी पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. करतेय, जपानीची एन-४ झाली आहे, तिला हेच करायचंय. मला सुरक्षिततेपेक्षा एकटेपणाची भीती वाटते. आणि व्हिसासाठी काय लागतं?

---

पन्हाळ्याची_वाट

@एक_आई, ताई, व्हिसासाठी पदवी लागते, आणि जी भाषा शिकवायची त्या भाषेतून निदान १२ वर्षं शिक्षण झालेलं दाखवावं लागतं. शाळा-कॉलेज धरून मोजतात, म्हणून माध्यमाचा उल्लेख असलेले दाखले आत्ताच शाळेकडून घेऊन ठेवा. मला त्यासाठी कोल्हापूरला दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

एकटेपणाचं खोटं सांगणार नाही, पहिला हिवाळा जड जातो. तिला एवढंच सांगा की फेब्रुवारीपर्यंत थांबू नकोस. आल्याच्या पहिल्या महिन्यात गावच्या सांस्कृतिक केंद्रात जाऊन विचार, इथे काय शिकवतात. इकेबाना म्हणजे फुलांची मांडणी, तायको म्हणजे ढोल, चहाविधी, काहीतरी असतंच. आणि जे घेशील ते सगळ्यात खालच्या पायरीवरून घे.

---

चकली_भाजणी

धागा वर काढतेय. धनुर्विद्येची परीक्षा होती ना गं तुझी? काय झालं?

---

पन्हाळ्याची_वाट

झाली! गेल्या रविवारी, ओकायामा शहरात. पाच-पाच जणांनी रांगेत उभं राहून प्रत्येकी दोनच बाण सोडायचे असतात. शिवाय लेखी परीक्षा, ती मी जवळजवळ सगळी हिरागानात, म्हणजे जपानीच्या साध्या उच्चारी अक्षरांत, लिहिली.

पहिला बाण खाली वाळूत. दुसरा लागला. आवाज मला ऐकूच आला नाही, मागून सेनपाईने सांगितलं. शोदान, म्हणजे पहिला दान, मिळालं नाही, त्याच्या एक पायरी खालचं इक्क्यू मिळालं. कारण मला माहीत आहे. दोरी पूर्ण ताणल्यावर थांबायचं असतं आणि मी थांबत नाही, बाण लवकर सुटतो. त्याला इकडे 'हायाके' म्हणतात. आजोबा आता माझ्या मागे उभे राहून डाव्या कोपराला दोन बोटं लावून धरतात आणि काढेपर्यंत मी सोडायचं नाही. काल तीन श्वास थांबले.

बुधवारी वर्गात फळ्यावर मुलांनीच निशाण काढून ठेवलं होतं. मागच्या बाकावरचा जो मुलगा कधी बोलत नाही, त्याने खडू घेतला, एक टिंब आत दिलं, एक खाली, आणि विचारलं, "शोदान?" मी मान हलवली. तो म्हणाला, "ऑलमोस्ट. वन मोअर टाइम, सेन्सेई."

आज शुक्रवार, झाडायची पाळी माझी आहे. निघते, साडेसहाच्या आत फरशी पुसून व्हायला हवी.